बावीस कार्डं, आणि एक

"जरा हात उचलता का? तुम्ही थरथरताय आणि इथं माझा शिक्का नाचतोय."

पोस्टाच्या काउंटरपलीकडचा माणूस हसत नव्हता, पण त्याचे डोळे... हसत होते बहुधा. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, कुरामोची. बाहेर कानाझावाचा डिसेंबर, अर्धा पाऊस, अर्धा बर्फ; माझ्या बाहीतून त्याच्या टेबलावर थेंब गळत होते.

"सकाळी दिलेली नववर्षाची कार्डं परत हवीत," मी म्हणाले. "सगळी नाही. तेवीस."

"पत्ते चुकले?"

"पत्ते बरोबर आहेत... मी चुकले."

अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी देणगीदारांच्या नोंदी सांभाळते. वर्षभरात ज्या घरातलं कुणी गेलं, तिथून नोव्हेंबरात करड्या काठाचं कार्ड येतं; त्या घराला मग नववर्षाच्या शुभेच्छा पाठवायच्या नसतात. कार्ड आलं की तशी खूण मी नेमाने केली होती. आठवड्यापूर्वी यादी स्वच्छ करायला बसले. काही माणसांच्या दोन-दोन नोंदी होत्या. नवी ठेवली, जुनी पुसली. सुतकाची खूण जुनीवर होती, हे आज करड्या कार्डांचा गठ्ठा चाळताना कळलं.

"म्हणजे झाडलोट करताना देव्हाराच बाहेर टाकलात."

"हसा. पहिल्या तारखेला तेवीस घरांत..." मी यादी पुढे केली.

त्याने माझी यादी घेतली. बोट एकेका नावावरून खाली सरकत होतं. एका नावाशी थबकलं, मग पुढे गेलं.

"हा अर्ज भरा. मी पेट्या आणतो."

तो गठ्ठे सोडून नावं वाचत गेला, मी यादीवर खुणा करत गेले.

"अठरा... एकोणीस... श्वास घेताय ना, ओरिहारासान? अर्जात तशी अट आहे," भरलेल्या कागदावरचं माझं नाव वाचून तो म्हणाला.

"कुठं लिहिलीय?"

"मागच्या बाजूला. बारीक अक्षरात."

मी खरंच कागद उलटला. तेव्हा तो हसला.

बावीस सापडली. एक गठ्ठा दुपारच्या गाडीने निघून गेला होता, आणि त्यात साकाकी यासुतारो.

"त्यांच्या घरच्यांना काय वाटेल हो?"

"सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली.

सुट्टीभर टेबलाशी बसून होते. माफीचं पत्र सात वेळा लिहिलं, सात वेळा फाडलं. चार तारखेला कार्यालय उघडलं तर दारात तोच उभा, गणवेशाशिवाय. हातात तेविसावं कार्ड.

"साकाकी माझे मामा. लहानपणापासून मी त्यांच्याकडेच. ऑक्टोबरात गेले."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं... मग बोलला का नाहीत?"

"तुमचे हात आधीच थरथरत होते."

मी खुर्चीत बसले. "मामी..."

"रडली. यंदा दारात एकही कार्ड नाही, आणि आलं ते मामांच्याच नावाचं. मग हसली. म्हणाली, दोनदा नाव नोंदवून विसरणारा माणूस, कुठंतरी अजून शिल्लक आहे म्हणायचा." त्याने कार्ड माझ्यापुढे सरकवलं, पण बोट काढलं नाही. "दाखवायला आणलंय. परत न्यायचंय, मामीला हवंय."

मी यासुतारोसानांची नोंद उघडून खूण केली. अक्षरं धूसर दिसत होती.

"आता माझं नाव घाला," तो म्हणाला.

"देणगीदार म्हणून?"

"हो. संपर्काची वेळ विचारतात ना?"

"विचारतात."

"तुम्ही कामावरून सुटता ती."

"आणि... शेऱ्यात काय लिहू?"

"लिहा, हा माणूस दहा दिवस सबब शोधत होता."

मी ते लिहिलं. जसंच्या तसं.

आता दर डिसेंबरला यादी तपासताना संगणक मला अडवतो: पत्ता एकच, आडनावही एकच, कुरामोची, या दोन नोंदी एकत्र करायच्या का? दोनदा वाचते, तिसऱ्यांदा वाचते, आणि ‘नाही’ दाबते. माणसं दोन आहेत. राहतात फक्त एका घरात.