चौकटीतली वाळू

चर्चच्या हॉलमध्ये भिंतीवर सहा चौकटी टांगल्या होत्या. पाचांत अमेरिकन पायदळाचे शिपाई हसत होते. सहावीत नुसता पुठ्ठा. प्रदर्शन उघडायला तास उरला होता आणि गावाने लेओनी क्राइन्सला दारातच घेरलं होतं.

"बाप फितूर, पोरगी चोर!" शेंग हाबेट्स ओरडला. "त्या फोटोत हिचा बाप होता, म्हणून लांबवला."

हवालदार लेमेन्सने गर्दी मागे रेटली. चाळीस वर्षांपूर्वी, १९४४ च्या सप्टेंबरात, नदीअलीकडचं निम्मं गाव अमेरिकनांनी सोडवलं होतं. नदीपलीकडे अजून जर्मन होते आणि तिथल्या गिरणीत दोन अमेरिकन लपले होते. कुणीतरी चुगली केली. दोघंही मारले गेले. लेओनीच्या बापाला, गिरणीवाल्या क्राइन्सला, त्याच दिवशी दुपारी चार वाजता पलीकडच्या जर्मन चौकीत शिरताना आपण पाहिलं, अशी साक्ष शेंगने दिली. त्या साक्षीवरून गावाने पकडून दिलेला क्राइन्स कोठडीत मेला. तेव्हापासून लेओनीला पावसुद्धा मागल्या दाराने मिळे. ते दार लेमेन्सच्या आईच्या बेकरीचं होतं, आणि आज ते त्याला टोचत होतं.

"घे झडती," लेओनी म्हणाली. "तुझ्या आईचाही जीव थंड होऊ दे."

त्याने झडती घेतली नाही. रिकामी चौकट उतरवली. काचेच्या आतल्या कोपऱ्यात बारीक वाळू चिकटली होती.

ते फोटो काढणारा टिलरी, ओहायोचा म्हातारा शिपाई, खुर्चीत बसला होता.

"सकाळी कुठे होतात?"

"कबरस्तानात. गिरणीत मेलेल्या माझ्या दोस्ताच्या क्रुसाचा फोटो घ्यायला. पांढऱ्या दगडावरचं नाव फोटोत उठत नाही, म्हणून अक्षरांत ओली वाळू चोळतात. ती शेंगने चोळली. मी कॅमेरा धरला होता."

इथे घराघराने एकेक अमेरिकन कबर दत्तक घेतलेली. ती कबर शेंगकडे होती. लेओनीला मात्र फाटकातूनच हाकलत.

"शेंगकाका, हॉलमध्ये शेवटचे कधी आलात?"

"काल. फोटो मीच टांगले. आज आत्ताच येतोय."

"नक्की?"

"तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी. जीभ आवर!"

"हात दाखवा."

शेंगने हात कोटाच्या खिशात घातले.

"टिलरीसाहेब, त्या फोटोची निगेटिव्ह?"

"सगळ्या आहेत. पाकिटात."

शेंगचा चेहरा पडला. लेमेन्सने निगेटिव्ह खिडकीपाशी धरली आणि भिंग गर्दीतल्या आपल्या आईच्या हातात दिलं.

"वाच, आई. मागे मनोऱ्यावर घड्याळ आहे."

बेकरीवाली बाई बराच वेळ बघत राहिली. "चार वाजून दहा," ती पुटपुटली. "आणि क्राइन्स बटाटे सोलतोय. आपल्याच चर्चच्या अंगणात."

"दिवस कोणता?"

"दोस्त मेला तोच," टिलरी म्हणाला. "हा माणूस नदी पोहून आला होता, ते दोघं जिवंत आहेत हे सांगायला. अंधार पडल्यावर त्यांना आणायला जाणार होतो. पहाटे आम्हांला पुढे हलवलं. तुम्ही त्याचं काय केलंत, ते मला कुणी कळवलंच नाही."

लेमेन्स शेंगसमोर उभा राहिला. "वाळू आज सकाळची. लेओनीबाईंना तिथे पाय ठेवू देत नाहीत, साहेबांनी वाळूला हात लावला नाही. कबरीवरून तुम्ही तडक इथे आलात. काल टांगताना घड्याळ दिसलं होतं ना? आणि पलीकडच्या चौकीत कोण शिरलं ते दिसायला माणूस पलीकडेच हवा. तिथे तुम्ही होतात. चुगली तुमची. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही चाळीस वर्षं!"

शेंगने खिशातून दुमडलेला फोटो काढून टेबलावर टाकला.

"जर्मनांनी डोक्याला बंदूक लावली होती," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा होतो मी. दर रविवारी त्या शिपायाला फुलं नेली!"

"त्याला नेलीस," लेओनी म्हणाली. "माझ्या बापाच्या कबरीवर थुंकलास."

तिने फोटोची घडी हाताने सपाट केली, तो पुन्हा चौकटीत बसवला, आणि मग बेकरीवालीकडे वळली.

"उद्या पाव घ्यायला येते. पुढच्या दाराने. दुकानात गर्दी असेल तेव्हा."