तुंबलेली दुपार

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच हातांनी केलंय. नेमकं सांगायचं तर उजव्या हाताने.

मी प्लंबर आहे. घाणीचं मला काही वाटत नाही. लोकांच्या संडासात कोपरापर्यंत हात घालायचा, साबणाने धुवायचा आणि घरी येऊन निवांत जेवायचं, अशी वीस वर्षं काढलीत. कामामुळे ओकारी आली ती आयुष्यात एकदाच.

नऊ वर्षांपूर्वीचा बुधवार. भर दुपार. मी घरी जेवत होतो.

"एवढा घास घ्या, मग उठा," बायको म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, बाथरूम तुंबलंय हो. लगेच या." म्हातारीचा आवाज. मागे कुठेतरी पाणी गळत होतं. टप... टप...

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

पत्ता जवळचाच. जुन्या इमारतीचा तिसरा मजला. दार सत्तरीच्या बाईने उघडलं. कपडे स्वच्छ, केस नीट विंचरलेले. पण घरात वास आंबट. नासलेल्या दुधासारखा.

बाथरूममध्ये मोठा जुना टब. काठोकाठ करडं पाणी. वर साबणाची साय.

मी बाही सारली आणि तळाच्या भोकात तुंबलेलं काढायची लांब स्प्रिंग घातली. दोन-चार वेढे देताच काहीतरी अडकलं. ओढलं.

केस. मूठभर, लांब, बुळबुळीत. असे केस मी रोज काढतो.

पण हे केस... कोमट होते.

"हळू, दादा," बाई म्हणाली. "तिला दुखेल."

"कुणाला, मावशी?"

तिने हात पुढे केला. तो गोळा माझ्या हातातून घेतला, नळाखाली धुतला... आणि ओठांना लावला.

बाहेरच्या खोलीतलं घड्याळ तीनचे ठोके द्यायला लागलं...

"एवढा घास घ्या, मग उठा," बायको म्हणाली.

मी ताटासमोर बसलो होतो. भिंतीवर अडीच. फोन वाजत होता.

वाटलं, जेवता जेवता डुलकी लागली. घास तोंडाशी नेला... आणि तोच आंबट वास आला. नखांत साबणाची साय होती. मधल्या बोटाला एक लांब केस गुंडाळलेला.

मी ताटातच ओकलो.

फोन उचललाच नाही. हात तीनदा धुतला, ब्रशने घासला. वास जाईना. बायको सारखी विचारत होती, काय झालं. काय सांगू? होता होता तीन वाजले...

"एवढा घास घ्या, मग उठा."

पुन्हा तेच ताट. पुन्हा फोन. आता हात मनगटापर्यंत चिकट झाला होता. बायकोला मात्र त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

तिथे गेल्याशिवाय ही दुपार सरणार नाही, एवढं कळलं. धावत सुटलो.

"मागच्या खेपेला आला नाहीत," बाई दारातच म्हणाली. रागावून नाही, हिरमुसून. "ती परत खाली गेली ना."

"कोण ती? मावशी, हे काय चाललंय?"

"माझी छकुली. चार वर्षांची. तिला टबात बसवून मी टॉवेल आणायला गेले. दोन मिनिटंसुद्धा नाही हो..." ती टबाजवळ गुडघ्यांवर बसली. "डॉक्टर म्हणाले, तीनला गेली. मी म्हटलं, मग तीन वाजूच द्यायचे नाहीत. मी म्हातारी झाले, पण घड्याळ काही तीनच्या पुढे जाऊ दिलं नाही. रोज थोडी थोडी वर येते ती. आता माझ्या हातांत जोर नाही. तुम्ही घाला हात."

पळालो असतो. पण पळून जाणार कुठे? पुन्हा त्याच ताटावर?

हात घातला. कोपरापर्यंत... मग खांद्यापर्यंत. एवढ्याशा भोकात तो गेलाच कसा, मला आजही सांगता येत नाही. आत काहीतरी मऊ लागलं. दाबलं की सरकणारं.

...आणि एका इवल्याशा हाताने माझं बोट पकडलं.

घट्ट.

"आली गं, आली माझी राणी!" बाई ओरडली. "ओढा दादा! सोडू नका! पाच मिनिटं आहेत अजून!"

मी ओढलं. खरंच ओढलं. पाण्यावर बोटं आली. पांढरी, फुगलेली. नखं नव्हती. त्यांची कातडी सुटून माझ्या बोटावर चढत होती, हातमोजा चढावा तशी. बाई वाकून त्या बोटांचे मुके घेत होती. तिच्या ओठांना काहीतरी चिकटलं... तिने ते पुसलंही नाही.

मला किळस आली. भीती नाही. किळस.

मी हात झटकला.

आत कुणीतरी घोट गिळल्यासारखा आवाज झाला. टब बघता बघता रिकामा झाला.

बाहेर तीनचे ठोके पडले. मग तीन वाजून एक मिनिट झालं. मग दोन.

बाई आता अंगावर येईल असं वाटलं. ती उठली, टॉवेल घेऊन आली आणि माझा हात पुसू लागली. एकेक बोट. बोटांच्या बेचक्यासुद्धा. लहान मुलांचे हात पुसतात तसे.

"घाण वाटली ना?" ती म्हणाली. "वाटणारच. तुम्ही काय तिची आई थोडीच!"

त्यानंतर तिचा फोन आला नाही. त्या इमारतीकडे मीही फिरकलो नाही. ती बाई कोण, अजून आहे की नाही, काही ठाऊक नाही. त्या पाण्यातून पुरतं वर काय आलं असतं, याचा विचार मी करत नाही. पण त्या पोरीने बोट धरलं होतं... वर यायलाच धरलं होतं ना?

पुढे मलाही मुलगी झाली. पाच वर्षांची आहे. तिला आंघोळ बायकोच घालते. काल पोरगी निथळत बाहेर आली आणि तिने "बाबा" म्हणत माझं बोट धरलं. ओला, मऊ, कोमट हात.

मी झटकला.

"आपल्याच पोरीची किळस येते तुम्हाला?" बायको म्हणाली.

पोरगी रडली नाही. नुसती हात टॉवेलला पुसत राहिली... पुन्हा पुन्हा.