झुलालची खुंटी

वीज यायला अजून वेळ आहे, कंदील पेटलेलाच आहे, आणि मी नदीकाठची कामं का सोडली हे तुम्ही दोनदा विचारलंत. तर ऐका. मी वनस्पतिशास्त्राची बाई. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसत आले. तुम्हीही हवं तर हसा, मला राग येणार नाही.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. तेव्हा मी धुळ्याला नोकरीला होते आणि अमळनेरच्या पुढे, बोरी नदीच्या काठच्या एका गावात आमचं काम चालू होतं. गावाचं नाव सांगत नाही. आदल्या पावसाळ्यातल्या पुरानं तिथला काठ ढासळला होता. करंज, जांभूळ, वाळुंज ही मूळची झाडं केव्हाच चुलीत गेली होती आणि वर वेडी बाभूळ नि बेशरम माजली होती. ती काढून आम्ही जुनी झाडं परत लावत होतो. वाळुंजाला रोप लागत नाही. मनगटाएवढी जिवंत फांदी तोडायची आणि काठात ठोकायची. बुडाकडचं टोक तिरपं कापायचं, शेंड्याकडचं सरळ, म्हणजे लावताना उलटी होत नाही. मग भोवतीची माती टाचेनं दाबायची, चांगली घट्ट, कारण आत हवा राहिली की मूळ धरत नाही. हे मी मजूर बायकांना इतक्या वेळा बजावलं की त्या माझी नक्कल करायच्या. सगळ्यात छान नक्कल सुंदरबाईची.

सुंदरबाईचा नवरा झुलाल त्याच पुरात गेला होता. म्हैस सोडवायला पाण्यात उतरला, म्हैस आली, तो आला नाही. प्रेतही सापडलं नाही. तिचं घर काठाला सगळ्यात जवळ. एक खोली आणि एकच दार. दारासमोर, काठाच्या कडेला, निंबाची एक वाळकी खुंटी होती. गावचा रिवाज असा, की जो नदीत गेला आणि सापडला नाही, त्याच्या नावानं काठावर खुंटी ठोकायची, पण उलटी. शेंडा मातीत, बूड आभाळाकडे. म्हणजे तो मागे फिरत नाही, पाण्याबरोबर पुढे निघून जातो. मी ऐकून घेतलं आणि आमच्या ओळी त्या खुंटीला वळसा घालून आखल्या. गावाला दुखवून गावात झाडं जगत नाहीत, एवढी अक्कल मला होती.

एकदा भाकरी खाताना सुंदरबाईनं विचारलं, उलटी लावलेली फांदी कधीच जगत नाही का. मी म्हटलं, जगायची असेल तर सुलटीच लावावी लागते. आणि पानं फुटली म्हणून हुरळून जायचं नाही, पानं आतल्या साठ्यावर फुटतात. मुळं आली तरच जीव धरला म्हणायचं. ती घास हातात धरून ऐकत राहिली होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी झुलालचा धाकटा भाऊ रुपचंद धुळ्याला माझ्या ऑफिसात आला. खुर्ची दिली तरी बसेना.

"ताई, वहिनीनी भाऊनी खुंटी सुलटी करी टाकी," तो म्हणाला. "तिले पालवी फुटनी."

मी त्याला समजावलं, की पावसाळ्यापासून वाळत पडलेल्या निंबाला पालवी फुटत नसते. कुणीतरी ओली फांदी आणून रोवली असेल. पण तो वाद घालायला आलाच नव्हता. सुंदरबाईनं जेवण सोडलं होतं. सकाळभर खुंटीला पाणी घालायची, आणि ऊन डोक्यावर आलं की घराचं दार उघडं टाकून आत वाट पाहत बसायची. आखाजीला घरोघर गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. झुलालची ही पहिलीच घागर, आणि ती भरू देत नव्हती. येणाऱ्या माणसाची घागर भरतात का, म्हणायची. खुंटी उपटायची गावात कुणाची छाती नव्हती. वहिनी ऐकलं तर तुमचंच ऐकेल, नाहीतर ती याच आठवड्यात जाईल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला तिचा राग आला, तरी जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

पोचले तेव्हा ऊन अंगावर आदळत होतं. गावात झोके बांधलेले, पोरीबाळी आखाजीची गाणी म्हणत होत्या. रुपचंद कुदळ घेऊन माझ्याबरोबर निघाला. काठाकडे वळलो तशी गाणी ऐकू येईनाशी झाली. वारा नव्हता. नदीत नुसती वाळू, पांढरी पडलेली. आणि तरी वास येत होता... पुराचा, गढूळ पाण्याचा, कुजलेल्या पाल्याचा. मी रुपचंदकडे पाहिलं. त्यानं नाकाला उपरणं लावलं होतं.

सुंदरबाई खुंटीपाशी बसली होती. गालफडं बसलेली, पण चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा उजळलेला. खुंटी निंबाचीच होती, तीच, चिरा पडलेली. आणि तिच्या शेंड्याला तांबूस, कोवळी पानं होती. मी नखानं साल खरवडून पाहिली. आत कोरडं, मेलेलं लाकूड.

मी तिच्याजवळ बसले. घरी चल, दोन घास खा, म्हटलं. नवऱ्याचं नाव न घेता ती हळूच म्हणाली, "त्या दुपारले येतस, ताई. उंबराठाना भायेर उभा ऱ्हातस. आंगवरतून पाणी गयस..."

"मग आत का येत नाही?"

"पाय उनात नही अजून त्यासले."

त्याला अजून पाय आले नाहीत, असं ती म्हणत होती. पण मी सवयीनं वागले. म्हटलं, आपण उकरून पाहू. मुळं नसली तर खुंटी मी उपटणार, रुपचंद घागर भरेल आणि तू त्याच्या घरी जेवशील. कबूल?

"आन मुळ्या निंघन्यात तं?"

"तर मी हात लावणार नाही."

तिनं मान डोलावली. मला खात्री होती, म्हणून तर बोलले.

नदीच्या बाजूनं उकरलं. माती कोरडी ठणठणीत, मूळ एकही नाही. माझा जीव भांड्यात पडला. रुपचंदनं खुंटी धरून ओढली. ती हलेना. मग घराच्या बाजूनं उकरलं, आणि तिथे एकच मूळ होतं, अंगठ्याएवढं जाड. मुळं पाण्याकडे जातात. हे पाण्याकडे पाठ करून अंगणाकडे गेलं होतं. आम्ही उकरत गेलो. मूळ सरळ दारापर्यंत आलं आणि उंबरठ्याखाली शिरलं. तिथली माती ओली होती.

सुंदरबाई आमच्या शेजारून गेली. उंबरठा ओलांडला, पदर सारखा केला आणि दार लोटून घेतलं. आतून तिचा आवाज आला, पाहुण्याला बोलवावं तसा, अगदी हलका.

"या... मझार या."

मग काही नाही. रुपचंद पुढे होईना. मीच दार ढकललं. कडी लावलेलीच नव्हती. आत सारवलेली जमीन पाण्यानं भिजली होती, चुलीजवळ तिच्या बांगड्या काढून ठेवलेल्या होत्या, आणि खोलीत कुणीही नव्हतं. दार एकच होतं आणि त्यात मी उभी होते.

विहिरी पाहिल्या, नदीचं पात्र पार तापीपर्यंत धुंडाळलं. पोलिसांनी मला चार वेळा तेच विचारलं, मी चार वेळा तेच सांगितलं. त्या पावसाळ्यात बोरीला पुन्हा पूर आला. दोन्हीकडचा काठ गेला, पण तिच्या घरासमोरचा हातभरसुद्धा खचला नाही. माझ्या वरिष्ठांनी कौतुक केलं. मला रडू आलं आणि ते का, हे त्यांना सांगता येईना.

पूर ओसरल्यावर जुनी खुंटी दिसली नाही, म्हणून रुपचंदनं दोघांच्या नावानं नव्या खुंट्या ठोकल्या, शेजारी शेजारी, उलट्या. ठोकताना मी समोर होते. गावानं तिकडे जाणं सोडलं.

पुढच्या आखाजीला मी शेवटची तिथे गेले. रुपचंद बरोबर होता. दोन्ही खुंट्या सुलट्या होत्या, दोन्हींना तांबूस पानं होती. भोवतीची माती टाचेनं दाबलेली होती, मी शिकवल्यासारखी, घट्ट, कुठे हवा राहू न देता. एका खुंटीभोवती बाईची लहान टाच. दुसरीभोवती पुरुषाची, रुंद. कोरड्या मातीत त्या टाचांचे ठसे अजून ओले होते.

रुपचंद त्या रुंद ठशांपाशी वाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाय उनात त्यासले."