श्वासतृषेचे बेट

पुनर्वसन केंद्राच्या त्या दालनात कोणालाही धाप लागत नसे. फुप्फुसे निकामी होत चाललेली माणसे सकाळच्या उजेडात गुळगुळीत फरशीवरून चालत, हलकी वजने उचलत, पायऱ्या चढत. त्यांच्या छात्या उसळत, चेहरे मात्र निवांत असत. जणू ते श्वास दुसऱ्याच कोणाचे होते.

धाप लागते म्हणून असा रुग्ण हालचाल टाळतो. टाळल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंना थोड्याशा कामालाही जास्त हवा लागते आणि धाप आणखी लवकर गाठते. व्यायामाने हे चक्र उलटे फिरवता येते, पण पहिल्या पावलाआड भीती उभी असते. शरीराने मागितलेली हवा आणि छातीला मिळालेली हवा यांतील तफावत मेंदूला जाणवते, ती ही भीती. शास्त्रज्ञांनी तिला श्वासतृषा म्हटले. ती जिथे जाणवते, तो मेंदूच्या घडीत दडलेला भाग म्हणजे द्वीपखंड. कानामागे त्वचेखाली बसवलेला मसुराएवढा ‘शमक’ सूक्ष्म ध्वनिलहरींनी तेवढे बेट झोपवत असे. फुप्फुसे होती तशीच राहत. त्यांची हाक कोणापर्यंत पोचत नसे.

इचलकरंजीचे बाळगोंडा मगदूम आणि त्यांच्या पत्नी पद्मावती यांना शमक एकदमच बसले. बाळगोंडांनी हयातभर यंत्रमाग चालवले, पद्मावतींनी त्याच शेडमध्ये कांडी यंत्रावर सूत भरले. कापसाची धूळ दोघांच्या वाट्याला सारखीच आली. केंद्राचा नियम जोडीने चालण्याचा होता; एरवी सोबतीला घरचे धडधाकट माणूस असे. स्वतःची धाप कळत नाही आणि बोटावरचा प्राणवायू-मापक चालताना चुकतो, म्हणून जोडीदाराच्या ओठांचा रंग पाहायचा आणि वेळीच थांबवायचे. नवराबायकोइतके एकमेकांचे श्वास कोण ओळखणार, असा केंद्राचा समज होता.

“लग्न झाल्यापास्नं कधी बरोबर चालला न्हाईसा,” पद्मावती पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. “डॉक्टरनी चालवलं शेवटी.”

मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नाही. तिथली माणसे ओठांवरून बोलणे वाचतात. एके सकाळी दालनात चालता चालता पद्मावतींच्या डोळ्यांपुढे अंधारले. धाप जाणवत नव्हती, पण शब्दापुरती हवा उरली नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि ओठ हलवले. बाळगोंडांनी तो शब्द वाचला, आणि ते फेरी पुरी करायला पुढे गेले. मागे पद्मावती फरशीवर कोसळल्या होत्या.

त्या वाचल्या. प्राणवायूची नळी लागली, आणि धोक्याची जाणीव परतावी म्हणून त्यांचा शमक बंद करण्यात आला. शमकाची रचना करणाऱ्या डॉ. वैदेही नाडगौडा बाळगोंडांना भेटायला आल्या.

“मला दिसलं की, डॉक्टर,” बाळगोंडा म्हणाले. “ओठ निळं पडल्यालं दिसलं. ‘थांबा’ म्हणाली, तेबी कळलं. पण फेरी थोडी राहिलीती.”

“भीती नाही वाटली?”

“कशाची?” त्यांनी खरोखरच विचारले.

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. मग त्यांनी समजावून सांगितले, की दुसऱ्याला गुदमरताना पाहून आपल्या छातीत जे दाटते, तेही त्याच बेटावर दाटते. आपण दुसऱ्याचा श्वास आपल्याच श्वासाने मोजतो. शमकाला यातला भेद करता येत नाही. जोडीतल्या दोघांनाही शमक असेल तर काय, हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. त्यांना स्वतःलाही नाही.

“हे बंद केलं तर तिचं मला कळंल?”

“कळेल. पण मग तुम्हाला खाटेवरून उठणंही नको वाटेल. चालणं सुटेल, स्नायू जातील.”

बाळगोंडांनी दोन्ही गोष्टी ऐकल्या. दोन्ही सारख्याच वजनाच्या वाटल्या, म्हणजे कशालाच वजन वाटले नाही. निर्णय पद्मावतींनी घेतला. नळीतून येणारी हवा पुरवून पुरवून त्या म्हणाल्या, की एकदाच बंद करा आणि माझ्याजवळ बसा. ही धाप एकटीनं सोसवत नाही.

दुपार कलताना डॉक्टरांनी दूरनियंत्रकाची कळ दाबली. काही क्षण काहीच झाले नाही. मग बाळगोंडांचे खांदे कानांपर्यंत चढले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि जी हवा इतके दिवस पुरेशी होती ती एकाएकी संपली. त्यांनी खाटेची कड धरली. पद्मावती त्यांच्याकडे पाहत होत्या, वाट पाहत होत्या. ते मात्र फक्त डॉक्टरांच्या हातातल्या कळीकडे पाहत होते. त्यांच्या जगात दुसरे कोणी उरले नव्हते. पद्मावतींनीच अर्धवट उठून, स्वतः धापा टाकत, त्यांची पाठ चोळली.

कळ पुन्हा दाबली गेली आणि त्यांचे खांदे उतरले.

“दिसली का मी?” पद्मावतींनी विचारले.

“न्हाई,” बाळगोंडा शांतपणे म्हणाले. खोटे बोलण्याइतकेही काही त्यांना टोचत नव्हते.

पद्मावतींनी त्यांच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग त्यांनी डॉक्टरांना आपलाही शमक सुरू करायला सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, तसे केले तर श्वास कोंडलेला तुम्हाला कळणार नाही, आणि सांगणारेही कोणी नसेल.

“आता तरी कोण सांगतंय?”

डॉक्टरांनी दूरनियंत्रक पद्मावतींकडे वळवला. त्यांनी कळ दाबली. पद्मावतींच्या कपाळावरची आठी सुती घडीसारखी उलगडली. मग त्यांनी नवऱ्याला जेवण राहिले का ते विचारले. दिवस मावळण्याआधी जेवायचे हा त्यांच्या घरचा जैन रिवाज होता. बाळगोंडांनी डबा उघडला, भाकरी मोडली, अर्धी पुढे केली. दोघे सावकाश जेवू लागले.

थोड्या वेळाने पद्मावतींच्या बोटावरचा मापक वाजू लागला. बाळगोंडांनी तो हळूच काढला आणि जेवताना मध्ये येऊ नये म्हणून उशीखाली सरकवला. पद्मावतींनी मान हलवली. बरे झाले, अशा अर्थाने. डॉक्टरांनी पुढे होऊन प्राणवायू वाढवला, आणि दोघांपैकी कोणीतरी घाबरेल याची वाट पाहत त्या उभ्या राहिल्या.