सतरा नंबरचा दांडा

समुद्रात भर घालून बंदरासाठी केलेल्या त्या जमिनीवर मोजणीदाराचं रोजचं काम एकच: जमीन किती खचली ते लिहायचं. खालचा गाळ असा, की मुठीत धरला तर बोटांतून निसटावा. त्यावर चार मीटर मातीचा ढीग चढवला होता. त्या भाराने गाळातलं पाणी पिळून निघतं आणि जमीन घट्ट बसते. गाळावर ठेवलेल्या लोखंडी प्लेटांचे दांडे ढिगातून वर डोकावत. ते किती खाली गेले, हे दांड्याला पट्टी लावून दुर्बिणीतून बघायचं; पट्टी धरायला एक मावशी. सात महिने हेच. पायांत गोळे, डोळ्यांत मीठ. घरी जेवताना ताटावरच डुलकी लागायची.

एका मंगळवारी सतरा नंबरचा दांडा दोन मिलिमीटर वर आला.

"पट्टी सरळ धरा, मावशी."

"सरळच आहे, भाऊ. आंधळी नाही मी."

त्याने पुन्हा पाहिलं. आता दोन खाली. त्याने दुर्बीण तपासली, तिवईची जागा बदलली. भर दुपारी, वारा पडलेला असताना, डोळा लावून बसला.

वर. जरा थांबून खाली. पुन्हा वर. शेजारचे दांडे ढिम्म.

मावशीने दांड्यावर तळहात ठेवला. चार लेकरं वाढवलेली, सासूसासऱ्यांची दुखणी काढलेली बाई ती.

"झोपलंय कोणीतरी," ती म्हणाली. "लहान नाही. दमूनभागून झोपलेलं."

मोजणीदार हसला नाही. तेवढंही त्राण नव्हतं.

मोठ्या साहेबांनी फोनवरच निकाल दिला. "पाणी अडलं असेल. आणखी दोन मीटर माती टाका. सही तुमची."

नाही म्हटलं तर नवी तपासणी, आणखी तीन महिने. कागदावर त्याचं पेन क्षणभर अडलं. मग त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी मावशी आलीच नाही. त्याने दांड्याला जोड देऊन तो उंच केला आणि पट्टी त्यालाच बांधली. संध्याकाळपर्यंत डंपर माती ओतत राहिले.

शेवटचा डंपर रिकामा झाला आणि दांडा वर आला.

चाळीस मिलिमीटर. सहा मीटर माती उचलून.

मग खाली. सावकाश.

परत वर आला नाही.

अहवालात सतरा नंबरचा आकडा सगळ्यांत चांगला ठरला. आता तिथे गोदाम आहे, फरशीला एक तडा नाही. वर्षभराने मोजणीदार पाहणीला गेला, तेव्हा हमाल आरडाओरडा करत पेट्या रचत होते. सतरा नंबरच्या जागी आले, की मात्र त्यांचे आवाज उतरायचे. पेटी दोघं मिळून अलगद टेकवायचे.

"इथे सगळे हळू का बोलतात?" त्याने मुकादमाला विचारलं.

"कोण हळू बोलतंय?" मुकादम कुजबुजला.