दुसरा ब्रेक

तळ्याला अर्धी फेरी झाली तरी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सहलीत माझी आणि त्याची गाठ पडली नव्हती. मग पायाने चालवायच्या बोटी दिसल्या, सगळ्यांनी भराभर जोड्या जमवल्या आणि उरलो नेमके आम्ही दोघं. स्कूलच्या मालकीणबाई म्हणाल्या, "बसा की! खातोय का तो तुम्हाला?"

गाडी शिकवणारे आम्ही दोघंच: एक मी, दुसरा तो. दोन वर्षं शेजारच्या गाडीत. सिग्नलला काच खाली करून हसायचा, बस्स. सोमवारपासून दुसऱ्या गावच्या शाखेत जाणार होता. मला तो आवडायचा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याला तर नाहीच नाही.

बोट निघाली. वारा छान होता. दोघंही इमानेइतबारे पेडल मारत होतो... आणि समोर लव्हाळं आलं. दोघांनीही ब्रेक समजून पाय करकचून दाबला. बोट आणखी जोरात आत घुसली.

"अहो, वळवायचं नाही का?" मी ओरडले.

"मला वाटलं, तुम्ही चालवताय!"

"मला वाटलं, तुम्ही!"

वळवायचा दांडा मधे तसाच उभा होता. कुणी हातच लावला नव्हता. दिवसभर गाडी शिकणाऱ्याच्या हाती आणि आपला पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर, सवयच ती मेली!

काठावरून आमच्या स्कूलच्या काउंटरवरची ताई ओरडली, "दोघंही नापास!"

तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसत माझ्याकडे वळला.

"दोन वर्षं असंच चाललंय ना आपलं?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तुम्ही बोलाल..."

सवयीने ब्रेक दाबावासा वाटला, पण इथे काय उपयोग?

"मला तुम्ही आवडता," मी म्हणून टाकलं. "आणि तुम्ही जाताय याचा मला भयंकर राग आलाय."

"मलाही," तो म्हणाला. "दोन्ही."

मी दांडा धरला. त्याने माझ्या हातावर हात ठेवला, शिकवताना ठेवतो तसा नव्हे. बोट काही हलली नाही. आम्हालाही घाई नव्हती.

सोमवारी तो गेलाच. पण रविवारी आला. मी स्कूलचीच गाडी घेऊन स्टँडवर गेले. तो माझ्या शेजारी बसला, शिक्षकाचा दुसरा ब्रेक असतो त्या बाजूला. मी गाडी सुरू केली आणि सहज खाली पाहिलं.

चपला काढून, सीटवर चक्क मांडी घालून बसला होता.