फिरोजी फ्रेम, पुढचे चाक

मशदी करीम यांनी तब्रीझमधल्या बग्ग्या रंगवल्या. त्यांचे चिरंजीव उस्ता जब्बार, म्हणजे माझे यजमान, यांनी बसगाड्या रंगवल्या. त्यांचा मुलगा रसूल मोटारी रंगवतो. आणि रसूलचा मुलगा, माझा नातू याशार, शर्यतीच्या सायकली रंगवतो. आमच्या हातचा रंग पोपडे धरून पडल्याचे या शहरात कोणी दाखवून द्यावे.

नवरोजच्या थोडे आधी, पावसाबरोबर बर्फही पडत असताना, एक मुलगी खांद्यावर फ्रेम घेऊन दुकानात शिरली. तिच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते. याशार ते पाहत राहिला आणि चहा त्याच्या हातातच निवला.

“फ्रेम इकडे आहे, उस्ता,” ती म्हणाली.

जुनी कार्बनची फ्रेम. कोणीतरी रागाने कुंच्याने काळी फासलेली. चहाच्या समोवारपाशी बसल्या जागेवरून मी ती ओळखली. तिचे पुढचे चाक आमच्याच भिंतीवर टांगलेले होते.

तरुणपणी सहंद डोंगराच्या चढावरच्या शर्यतीत रसूलचे चाक फुटले, तेव्हा त्याचा जोडीदार बहमन याने आपले चाक काढून त्याला दिले आणि स्वतः लंगडी सायकल खांद्यावर घेऊन वर चालत आला. रसूल जिंकला. लोकांनी बहमनचे कौतुक करताच रसूल भर गर्दीत म्हणाला, “मी कुठल्याही चाकावर जिंकलो असतो.” बहमन चाक न घेताच निघून गेला. तो मागायला आला नाही. रसूल द्यायला गेला नाही. ही त्या बहमनची मुलगी, सेविल.

“पूर्वीसारखा फिरोजी हवाय. उन्हाळ्यात मी यावर शर्यतीत उतरणार आहे. रसायन लावलं की काळा लवकर निघेल ना?”

“कार्बनला ते चालत नाही. आतली राळ खातं. हातानंच घासावं लागेल... मधूनमधून येऊन बघून जा.”

“रोज आले तर?”

“तर आणखी हळू घासेन.”

ती रोज आली. ओल्या कागदाखाली काळा थर विरत गेला, आणि दोघांचे बोलणे लांबत गेले.

“रंगानं वजन वाढलं, तर चढावर तुमच्या नावानं बोटं मोडीन हं.”

“नाव घेणार म्हणता? मग दोन थर जास्त देतो.”

“याशार,” मी म्हणाले, “गोडवा चहात घाल. रंग पातळच बसला पाहिजे.”

एकदा त्याने विचारले, “शहरात रंगारी काय कमी आहेत? इथंच का आलात?”

तिने भिंतीवरच्या चाकाकडे पाहिले. “बाबा म्हणाले, कुठंही जा, तिथं जाऊ नकोस... म्हणून आले.”

फ्रेम तयार झाली, तेव्हा जुन्या मशिदीच्या भिंतीवरच्या निळ्या फरशांवर ऊन पडावे तसा तो फिरोजी उजळला. सेविलने त्यावरून बोट फिरवले.

“सुंदर झालीय. पण मी नेत नाही.”

“का... काही चुकलं?”

“अर्धी सायकल घरी कशी नेऊ? चाकासकट तुम्हीच घेऊन या. आणि एकटे येऊ नका — अशा कामाला वडीलधारी माणसं येतात.”

याशारचे कान लाल झाले.

मी रसूलला बोलावले. “कोट घाल. चाक तू धरायचंस.”

“आई, इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडानं जाऊ?”

“ज्या तोंडानं ते बोललास, त्याच तोंडानं. आणि दारात बोलायचं, गल्लीला ऐकू जाईल असं.”

बहमनने दार उघडले. माझ्या हातातली फुले, याशारच्या खांद्यावरची फ्रेम, मग चाक — सारे त्याने पाहिले.

“विकायला आणलंस?”

“परत द्यायला,” रसूल म्हणाला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “ती शर्यत मी तुझ्या चाकानं जिंकली, बहमन. एरवी जिंकलो नसतो.”

बहमनने चाक घेतले, फिरोजी फ्रेमला बसवले आणि बोटाने फिरवले. ते तसूभरही न डगमगता फिरत राहिले.

“वंगण ताजं आहे.”

“दर नवरोजला घालतो.”

बहमनने बोटानेच चाक थांबवले. मग आत तोंड करून म्हणाला, “सेविल, चहा आण. तुला मागायला आलेत.”

तिने तबक आणले. याशारच्या पेल्यापाशी साखरेचा एक खडा जास्तीचा होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातल्या भिंतीवरचा तो खिळा उपटायला लावला. आता तिथे टांगण्यासारखे आमच्याकडे कोणाचेही काही उरले नव्हते.